कार्ड उघडायचं की पाठवायचं?

पत्र

नमस्कार दादा,

मी मांद्र्याला राहतो, लग्नाचे आणि कार्यक्रमांचे व्हिडिओ एडिट करून देतो. पीसी मीच जोडलाय: आय५ १२४००एफ प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६०, १२ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. कार्ड म्हापशाच्या एका दुकानातून २८ हजारांना घेतलं. बिल आहे. तीन वर्षांची वॉरंटी, त्यातली दोन वर्षं आठ महिने सरली. पाऊस सुरू झाला तसे रेंडर (अंतिम व्हिडिओ तयार होणं) चालू असताना स्क्रीनवर रंगीत चौकोन यायला लागले, मग स्क्रीन काळी पडते. आता तर पीसी चालू करताना मदरबोर्डच्या कंपनीचं चिन्ह येतं तेव्हाही बारीक उभ्या रेघा दिसतात. एक पंखाही खरखरतो.

दुकानदार म्हणतो, कार्ड मुंबईला जाणार, महिना-दीड महिना धरा. शिवाय कार्डाच्या मागच्या, पोर्टांच्या धातूच्या पट्टीवर गंज दिसतोय, कंपनी घेईल की नाही सांगता येत नाही. पुण्याचा मामेभाऊ म्हणतो, चिपची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट बदल, नाहीतर ओव्हनमध्ये दहा मिनिटं भाज, लोक करतात. बाबा म्हणतात, दुकानदाराच्या गळ्यात घाल आणि मोकळा हो. मी पेस्टची ट्यूब आणि स्क्रू ड्रायव्हरचा सेट मागवून ठेवलाय, पण मागच्या एका स्क्रूवर वॉरंटीचं स्टिकर आहे. चवथीच्या आधी एका घुमट आरती पथकाचा व्हिडिओ द्यायचाय. गंज सँडपेपरने घासून पाठवू, की सरळ उघडू?

– एक एडिटर, मांद्रे

उत्तर

पाठवा. स्टिकरला हात लावू नका आणि सँडपेपर कार्डाच्या आसपासही आणू नका.

कारण सांगतो. वॉरंटी की घरची दुरुस्ती, असा तुमचा प्रश्न आहे. पण यातली एक वाट आधी चालून मग दुसरीवर येता येतं, उलट येता येत नाही. कंपनीने नाकारलं तर कार्ड गेलं तसं परत येतं. कुरिअरचे पैसे गेले, काही आठवडे गेले, एवढंच. आधी उघडलंत, पेस्ट बदललीत आणि चौकोन तसेच राहिले, तर उरलेले चार महिने तुम्ही स्वतःच्या हाताने घालवलेले असतात. तो धोका पत्करायचा तर दुरुस्ती होण्याची बरी शक्यता हवी. तुमच्या बाबतीत ती नाही, कारण तुम्ही सांगताय तो दोष पेस्टने सुटणारा दिसत नाही.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात: पीसी चालू होतानाच रेघा दिसतात. तेव्हा विंडोज सुरू झालेलं नसतं, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) चढलेला नसतो, आणि रात्रभर बंद असलेलं कार्ड थंडगार असतं. पेस्ट सुकली की कार्ड तापतं, पंखे ओरडायला लागतात, वेग आपोआप कमी होतो, आणि हे सगळं काम सुरू झाल्यावर काही मिनिटांनी होतं. थंड कार्ड पहिल्याच सेकंदाला रेघा दाखवत असेल तर तिथे पेस्टचा संबंध नाही आणि ड्रायव्हर पुन्हा टाकण्यातही अर्थ नाही. चौकोन आणि उभ्या रेघा ही जोडी दिसली की दुरुस्तीवाल्याला पहिला संशय येतो तो कार्डाच्या मेमरीचा.

तुमच्या ३०६० वर मुख्य चिपच्या भोवती मेमरीच्या सहा चिपा आहेत, प्रत्येकी २ जीबीच्या. प्रत्येकीच्या पोटाखाली सोल्डरच्या १८० बारीक गोळ्या असतात. त्यांतली एखादी तडकलेली असेल किंवा चिपच आतून गेलेली असेल, बाहेरून काहीच दिसत नाही. ती बदलायची तर आधी कोणती चिप वाईट आहे ते खास सॉफ्टवेअरने शोधावं लागतं. मग खालून सगळा बोर्ड तापवणारं यंत्र, वरून गरम हवा, नव्या गोळ्या बसवायची जाळी, आणि तसलीच नवी चिप. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा बंगळुरूच्या एसपी रोडला ही कामं करणारे आहेत. तुमच्या टेबलावर पेस्ट आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन ते होणार नाही. यात तुमच्या हाताच्या कसबाला मी नावं ठेवत नाही. पीसी स्वतः जोडणाऱ्याचा हात चांगलाच असणार.

तरी पाठवण्याआधी खात्री करून घ्या, नाहीतर कार्ड मुंबईला जाऊन 'काही दोष आढळला नाही' असा शेरा घेऊन परत यायचं. केबल बदला. मॉनिटरऐवजी घरचा टीव्ही लावून बघा. चौकोन दिसतील तेव्हा स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर उघडा: स्क्रीनशॉटमध्येही चौकोन असतील तर चित्र कार्डाच्या आतच बिघडतंय, स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर केबल, पोर्ट किंवा मॉनिटर बघायला हवा. मग आफ्टरबर्नर या कार्डाचा वेग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मेमरी क्लॉक (मेमरीचा वेग) ५०० ने खाली आणा. चौकोन कमी झाले किंवा थांबले, तर मेमरीवरचा संशय पक्का. हा सॉफ्टवेअरमधला बदल आहे, रीसेट केला की गेला. शेवटी, जमलं तर कार्ड मित्राच्या पीसीत लावून बघा. तिथेही तेच दिसलं तर तुमचा पॉवर सप्लाय आणि मदरबोर्ड निर्दोष ठरले.

पॉवरचा विषय निघालाच आहे तर एक विचारतो. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला अनवाणी असताना हात लागला की झिणझिण्या येतात का? आपल्याकडच्या जुन्या घरांत हे सर्रास असतं आणि लोकांना त्याची सवय होऊन जाते. पॉवर सप्लायच्या आत फेज आणि न्यूट्रलकडून पत्र्याला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. घराला अर्थिंग नसेल तर तो पत्रा निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे २३० असेल तर ११५ च्या आसपास, तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात, पण चालू टीव्हीला एचडीएमआय केबल खुपसताना तोच करंट पोर्टातून वाट काढतो. झिणझिण्या येत असतील तर इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग नीट करून घ्या. नाहीतर बदलून आलेलं कार्डही त्याच खोलीत, त्याच स्विचबोर्डवर लागणार आहे. आणि तोवर टीव्हीची चाचणी घेताना केबल दोन्हीकडचे प्लग काढूनच जोडा.

आता ओव्हन. मामेभाऊ सांगतोय ती युक्ती पंधरा-सोळा वर्षांपूर्वी खूप गाजली होती, आणि तिला थोडा इतिहास आहे. २००८ च्या जुलैत ग्राफिक्स चिपा बनवणाऱ्या एनव्हिडियाने जाहीर केलं होतं की लॅपटॉपमधल्या त्यांच्या काही चिपा कमकुवत जडणघडणीमुळे निकामी होताहेत, आणि त्यापोटी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढून ठेवले होते. दोष चिपच्या पॅकिंगच्या आत होता. लोकांनी बोर्ड ओव्हनमध्ये घातले आणि काहींचे जिवंत झाले. उष्णतेने आतले तडकलेले सांधे थोडे हलले, टेकले, चित्र आलं. काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पुन्हा तेच. ही 'सोल्डर वितळवून केलेली दुरुस्ती' आहे असा समज मात्र पसरला तो पसरलाच. तापमान बघा: त्या कृतीत ओव्हन १९५-२०० अंशांवर ठेवायला सांगतात. शिसं असलेलं जुनं सोल्डर १८३ अंशांना वितळायचं. २००६ मध्ये युरोपने इलेक्ट्रॉनिक्समधल्या शिशावर बंदी आणली, आणि आता सगळीकडे वापरतात ते बिनशिशाचं सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळतं. म्हणजे तुमचं कार्ड दहा मिनिटं भाजून निघेल, पंख्यांचं प्लास्टिक वाकेल, कपॅसिटरांचं आयुष्य घटेल, आणि ज्यासाठी एवढं केलं ते सोल्डर जागचं हलणारही नाही. वर त्याच ओव्हनमध्ये नाताळाला केक भाजायचा. मामेभावाला हे एवढंच कळवा.

आता गंज. मला तुमच्या पत्रात खरी काळजी वाटली ती इथे.

वॉरंटीच्या अटी तुम्ही बहुधा वाचल्या नसतील, कोणीच वाचत नाही. त्यात जळणं, फुटणं, पाणी जाणं यांच्या रांगेत गंजही असतो. सर्व्हिस सेंटरमध्ये कार्ड आलं की टेबलावरचा माणूस आधी ते चालू करत नाही, बघतो. सीरियल नंबर, स्टिकर, सोनेरी दात (कार्ड स्लॉटमध्ये बसतं ती कड), पोर्टांची तोंडं, मग बोर्डाची मागची बाजू. किनाऱ्यावरून आलेल्या कार्डांत तिथेच गोची होते.

मांद्र्याला समुद्र किती जवळ आहे हे मी तुम्हाला काय सांगणार. वाऱ्याबरोबर खारा तुषार घरात येतो आणि धुळीबरोबर कार्डावर बसतो. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत आपण तांदळाचे दाणे टाकतो ते याचसाठी, आणि कार्डावरच्या मिठाचंही नेमकं हेच होतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा बहुतेक वेळ त्या आकड्याच्या वरच असते. पीसी चालू असताना कार्ड गरम असतं, ओल टिकत नाही. बंद केला की खाऱ्या पाण्याचा एक पातळ थर पत्र्यावर, पायांवर, पोर्टांच्या कडांवर बसून राहतो. पट्टीचा पत्रा साधा, वर मुलामा पातळ, म्हणून गंज आधी तिथे दिसतो. पाऊस सुरू झाल्यावरच तुमचा त्रास सुरू झाला, हा योगायोगही असू शकतो, पण मी तो विसरणार नाही.

मग करायचं काय? दिवसाउजेडी कार्ड बाहेर काढा. आधी मेन स्विच बंद, प्लग काढलेला, आणि हात एकदा धातूला लावून घेतलेला. मोबाइलचा टॉर्च तिरका धरा आणि बोर्डाची कड न् कड बघा. मागच्या बाजूला पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं झाकण असेल तर जेवढं दिसतं तेवढंच बघा, स्क्रू सोडवू नका. एचडीएमआय आणि डिस्प्ले पोर्टांची तोंडं, आठ पिनांचा पॉवरचा सॉकेट, सोनेरी दात, मागच्या सोल्डरच्या टाक्यांची टोकं. हिरवट किंवा पांढुरकी बुरशीसारखी पूड दिसते का? ती दिसली तर गंज पट्टीपुरता राहिलेला नाही. न दिसली तर तुमची बाजू चांगली आहे.

सुक्या मऊ ब्रशने आणि हातपंपाच्या ब्लोअरने धूळ उडवा. पंख्यांना बोट लावून धरा, नाहीतर हवेने ते गरगर फिरतात. सोनेरी दात आयसोप्रोपिल अल्कोहोलने, ९९ टक्क्यांच्या, लिंट न सुटणाऱ्या कापडाने पुसा. केमिस्टकडचं जखमेवरचं स्पिरिट यासाठी चालत नाही, त्यात पाणी जास्त असतं. पट्टीवरची सुटी तांबडी पूड त्याच कापडाने टिपून घ्या. इथेच थांबा. सँडपेपरने मुलामा निघेल, चकचकीत ओरखडे पडतील, लोखंडाचा भुगा कार्डात जाईल, आणि बघणाऱ्याला वाटेल की कोणीतरी काहीतरी लपवतंय. गंजापेक्षा ते वाईट दिसतं. उलट गंजाचा फोटो तुम्हीच तक्रारीला जोडा आणि लिहा: 'गंज फक्त बाहेरच्या पट्टीवर आहे, बोर्ड स्वच्छ आहे, फोटो सोबत.' किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाने असं आधीच सांगितलेलं बरं असतं. मग नाकारताना त्यांना बोर्डावर बोट ठेवून कारण द्यावं लागतं.

दात पुसल्यावर कार्ड पुन्हा नीट दाबून बसवा आणि एकदा चालवून बघा. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'बस इंटरफेस'च्या रकान्यात, कार्डावर काम चालू असताना, एक्स१६ दिसतं का पहा. एक्स८ किंवा एक्स४ दिसत असेल तर दातांचा संपर्क नीट नाही. रेघांचं मूळ तिथेच निघेल अशी मला फारशी आशा नाही, पण ही तपासणी फुकटची आहे आणि हिने वॉरंटीचं काही बिघडत नाही. घरी एवढंच करा.

स्टिकरबद्दल मतं पुष्कळ ऐकाल. अमेरिकेत १९७५ च्या वॉरंटी कायद्यानुसार केवळ स्टिकर फाटलं म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या व्यापार नियामक संस्थेने २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये कंपन्यांना त्याबद्दल ताकीद दिली. दुसऱ्या खेपेला तर ग्राफिक्स कार्डवाल्या कंपन्याही त्यात होत्या. म्हणून इंटरनेटवर 'स्टिकरला घाबरू नका' असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. तो कायदा अमेरिकेतला. आपल्याकडे अशी अट अन्यायकारक आहे असं ग्राहक आयोगापुढे मांडता येईल, पण त्यासाठी तारखा घ्याव्या लागतील आणि तुम्हाला चवथीच्या आधी व्हिडिओ द्यायचाय. भांडण करण्याची मुभा असणं वेगळं आणि ते ओढवून घेणं वेगळं.

बाबांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. दुकानदाराकडे द्या, पण गळ्यात घालून मोकळे होऊ नका. आधी कंपनीच्या वेबसाइटवर किंवा ईमेलने तक्रार तुमच्या नावावर नोंदवा. आजच. कार्ड पुढच्या आठवड्यात गेलं तरी चालेल. चार महिने पुष्कळ वाटतात, पण एक फेरी फुकट गेली तर तेवढ्यात संपतात, आणि मग तक्रार कोणत्या तारखेची यावरच सगळं येऊन थांबतं. तक्रारीत बिल, सीरियल नंबरचा फोटो, चौकोनांचा आणि चालू होतानाच्या रेघांचा व्हिडिओ द्या. 'कार्ड चालत नाही' असं लिहू नका. 'मदरबोर्डचं चिन्ह दिसतानाच उभ्या रेघा, दुसऱ्या केबलवर आणि दुसऱ्या स्क्रीनवर तेच' असं लिहा. टेबलावरच्या माणसाकडे एका कार्डाला वेळ थोडा असतो, त्याला कुठे बघायचं ते कळू दे. पंख्याची खरखरही त्याच तक्रारीत घाला, वेगळी ठेवू नका.

एक प्रश्न लेखी विचारून ठेवा: दुरुस्त करून देणार, बदलून देणार, की घसारा कापून पैसे देणार? हे मॉडेल २०२१ मधलं आहे, तसंच कार्ड त्यांच्याकडे असेलच असं नाही. बदलून मिळणारं कार्ड बहुतेकदा दुरुस्त केलेलं, दुसऱ्या कोणाचं असतं आणि त्यावर वॉरंटी तुमच्याकडे उरली होती तेवढीच चालते. हे सगळीकडचं आहे, त्यावर चिडण्यात अर्थ नाही. पण पैसे देऊ म्हणाले तर आकडा कळल्याशिवाय हो म्हणू नका.

दुकानदाराला देताना पावतीवर सीरियल नंबर लिहून घ्या. 'एक ग्राफिक्स कार्ड मिळाले' एवढीच पावती घेऊन घरी येऊ नका. कार्ड अँटिस्टॅटिक (स्थिर वीज रोखणाऱ्या) पिशवीत, पिशवी मूळ खोक्यात, खोकं बबल रॅपमध्ये, आणि पावसाचे दिवस असल्याने वरून प्लास्टिक. पिशवीत सिलिका जेलची एक पुडी टाका. पिशवी बंद करण्याआधी दोन्ही बाजूंचे, दातांचे आणि पोर्टांचे फोटो काढा. वाटेत काही मोडलं आणि 'आमच्याकडे असंच आलं' असं उत्तर आलं तर हे फोटोच उपयोगी पडतात.

आता घुमट आरती. तुमच्या प्रोसेसरच्या नावातला तो 'एफ' इथे नडतो. त्यात अंगभूत ग्राफिक्स नाही, त्यामुळे कार्ड काढलं की स्क्रीनच येणार नाही. कोणाकडून तरी जुनं कार्ड उसनं आणा. जीटीएक्स १०५० टीआयच्या तोडीचं असलं तरी भागेल. त्यातल्या बहुतेकांना वेगळी पॉवर केबलही लागत नाही, स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवर चालतात. एडिटिंगमध्ये प्रॉक्सी (मूळ फुटेजच्या हलक्या नकलेची) फाइल करून टाइमलाइन १०८०वर ठेवा, नॉइज रिडक्शन आणि जड इफेक्ट शेवटपर्यंत बंद ठेवा. शेवटचं रेंडर रात्री लावून झोपा, नाहीतर मित्राच्या पीसीवर करा. आरतीच्या व्हिडिओत अर्धी मेहनत आवाजाची असते. घुमट, शामेळ आणि कासाळं या वाद्यांचा मेळ जुळवायला ग्राफिक्स कार्ड लागत नाही.

तुमच्या धंद्याचं कॅलेंडरही इथे तुमच्या बाजूने आहे. लग्नाचं काम आता तुळशीचं लग्न लागल्याशिवाय जोरात येणार नाही. महिना-दीड महिना कार्ड हाताशी नसणं परवडेल असा काळ वर्षात हाच. आता ढकलत राहिलात तर नोव्हेंबरात तीच स्क्रीन काळी पडेल, समोर तीन लग्नांचं फुटेज असेल आणि वॉरंटी संपलेली असेल.

समजा गंजाचं कारण देऊन नाकारलंच. आधी कारण लेखी मागा, फोटोसकट. बोर्डावर गंज दाखवता आला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार करा. पुष्कळ कंपन्या तिथेच नरमतात. पुढे जायचं ठरवलंत तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, मुंबई-बंगळुरूला जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. कंपनीबरोबर दुकानदारालाही त्यात पक्षकार करता येतं. एवढ्यासाठी एवढं करायचं का, ते तुम्ही ठरवा. बोर्ड खरंच हिरवा पडला असेल तर मी करणार नाही.

आणि तसं झालं तर स्क्रू ड्रायव्हर काढा, मनसोक्त. मात्र कशासाठी उघडताय ते ठरवून. पंखा बदलणं घरी जमण्यासारखं आहे. मॉडेल नंबर पंख्याच्या मागच्या लेबलवर असतो, तोच मागवा, पिनांची जोडणी जुळते का बघा. पुष्कळ कार्डांत पंख्यांचं वरचं झाकण मुख्य चिपच्या मागच्या चार स्क्रूंना हात न लावता निघतं, काहींत निघत नाही. पेस्टही बदला, पण खरी मेख पेस्टमध्ये नाही, पॅडमध्ये आहे. मेमरीच्या चिपांवर आणि पॉवरच्या भागावर जे मऊ पॅड असतात त्यांची जाडी जागोजागी वेगळी असते, कुठे एक मिलिमीटर, कुठे दीड, कुठे दोन. पॅड फाटला आणि तुम्ही अंदाजाने जाड लावलात तर हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) मुख्य चिपवर टेकतच नाही, अधांतरी राहतो, आणि तुम्हाला वाटतं पेस्ट चांगली नव्हती. म्हणून हीटसिंक काढताना ओढू नका. आधी कार्ड दहा मिनिटं चालवून कोमट करा, बंद करून प्लग काढा, मग हलकेच डावी-उजवीकडे पीळ द्या. पंख्याची वायर आत जोडलेली असते हे विसरून झटक्यात उचललंत तर तिचा सॉकेट बोर्डावरून उपटून येतो. लावताना चारही स्क्रू थोडे थोडे, समोरासमोरच्या जोड्यांनी आवळा.

एवढ्याने पंखा शांत होईल, तापमान उतरेल. मेमरी गेलेली असेल तर रेघा तशाच राहतील. तेव्हा कार्ड चिप बदलणाऱ्याकडे पाठवा, आणि तो चिप बदलणार आहे की नुसती गरम हवा मारणार आहे ते आधी विचारा. नुसती गरम हवा म्हणाला तर कार्ड परत मागवा.

बदललेलं कार्ड आलं तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा, त्याच दिवशी लावून दोन तास रेंडर चालवा आणि सगळे पोर्ट तपासा. पीसी समुद्राच्या बाजूच्या खिडकीखाली आणि जमिनीवर असेल तर हलवा. पावसाळ्यात काम नसलं तरी रोज तासभर चालू ठेवा. नव्या कार्डाचा सीरियल नंबर जुन्या बिलावर लिहून त्याखाली दुकानदाराची सही-शिक्का घ्या, नाहीतर पुढच्या वेळी बिलावरचा नंबर आणि कार्डावरचा नंबर जुळत नाही म्हणून म्हापशाला आणखी हेलपाटे घालाल.